हद्दीबाहेरची घळ

घरी मी निनादला दिवसातून दहा वेळा ‘तू चुकतोयस’ म्हणते आणि तो दहाही वेळा ‘आकडा दाखव’ म्हणतो. आमचा संसार असाच चाललाय. त्यामुळे अठ्ठावीस देशांचे प्रतिनिधी कान टवकारून बसलेले असताना मी त्याला हेच वाक्य ऐकवलं, तेव्हा उत्तर काय येणार ते मला पाठ होतं. अडचण एवढीच होती, की या वेळी आकडा माझ्या हातात होता आणि तो दाखवला असता तर सगळंच हातचं गेलं असतं.

मी तेव्हा ‘अन्वेषक’ या संशोधन-जहाजावर होते. अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या कडेकडेने, हत्ती-सीलच्या माद्यांच्या मागावर. पाचशे किलोचं धूड, चेहऱ्यावर कायम रुसल्याचा भाव आणि डोक्यावर आम्ही चिकटवलेलं साबणाच्या वडीएवढं यंत्र. आमच्या चमूत प्रत्येक मादीला कुणाच्या तरी आत्याचं किंवा पणजीचं नाव द्यायची पद्धत होती. ठकू, चिमा, भागू, अंबू. परदेशी सहकाऱ्यांची ही नावं उच्चारताना तारांबळ उडायची आणि आमची करमणूक व्हायची.

या माद्या हिवाळाभर समुद्रात चरतात, आणि चरतात त्या पोटातल्या पिल्लासकट. पाणी कापत त्या किलोमीटरभर खोल जातात आणि कंदील मासे गिळतात. कंदील मासे म्हणजे बोटभर लांबीचे, अंगावर उजेडाचे ठिपके असलेले, काळोखात राहणारे मासे. मादी हिवाळ्यात जेवढी चरबी धरेल तेवढंच दूध वसंतात पिल्लाला मिळतं. किनाऱ्यावर आल्यावर ती काहीच खात नाही. रोडावलेल्या आईचं पिल्लू पहिल्या वादळात जातं.

पण कंदील मासे आता माणसालाही हवे होते. किनाऱ्याजवळची मासळी आटली, लोक तळ्यातली कोलंबी खायला लागले, आणि त्या कोलंबीचं खाद्य बनतं या माशांपासून. जगभरातली जहाजं दक्षिणेला धावली. मग करार झाला आणि करारातून निनादची ‘हद्द’ जन्माला आली.

‘हद्द’ ही एक प्रणाली आहे. सीलच्या डोक्यावरची यंत्रं उपग्रहाला थोडक्यात कळवतात की सील कुठे आहे, किती वेळ रेंगाळली, घास धरायला जबडा किती वेळा वाजला. जिथे सील रेंगाळतात तिथे त्यांचं अन्न, असं धरून ‘हद्द’ समुद्रावर रेषा आखते. रेषेच्या आत शिरलेल्या जहाजाच्या जाळ्याचं यंत्र आपोआप कुलूपबंद होतं. सील सरकल्या की रेषाही सरकायची. आठ वर्षं हे उत्तम चाललं, आणि मग रोज सरकणाऱ्या रेषेला सगळेच कंटाळले. जहाजवाल्यांनी मागणी केली की एकदाच काय ती रेषा ठरवा, तीस वर्षांसाठी. बदल्यात ते रेषेच्या आतलं कधीच काही मागणार नव्हते. सौदा वाईट नव्हता. निनादने आठ वर्षांच्या नोंदी एकत्र करून अंतिम नकाशा केला, रोजची रेषा थांबवून तो तात्पुरता लागूही झाला, आणि त्यावर मत द्यायला परिषद भरली.

नकाशाच्या मधोमध, सगळ्यात गडद रंगात, ‘थाळी’ नावाचं पाण्याखालचं पठार होतं. तिथली राणी होती ठकू.

मतदानाच्या दिवशी ठकू आमच्या जहाजाच्या जवळून गेली. हा योग क्वचित येतो. उपग्रहाला यंत्र फक्त मोजका मजकूर पाठवू शकतं. सविस्तर नोंद त्याच्या पोटातच राहते आणि जहाज जवळ आलं तरच ती उतरवता येते. प्रयोगशाळेत बसून मी ती उतरवून घेतली आणि तिच्या झोपेचा आलेख उघडला.

हत्ती-सील पाण्यात बुडी मारूनच झोपते. खोल गेल्यावर ती पोहणं थांबवते, अंग सैल सोडते आणि गिरक्या घेत राहते. चरबी पाण्यापेक्षा हलकी. अंगावर भरपूर चरबी असेल तर झोपलेली सील हळूहळू वर येते. नसेल तर खाली जात राहते. म्हणजे झोपेतली सील आपलं खाल्लंप्यालं स्वतःच सांगते, तिला काट्यावर चढवावं लागत नाही. थाळीवर सगळा मोसम काढलेली ठकू लोण्यासारखी वर येत असणार, अशी माझी खात्री होती.

ती बुडत होती. आठवड्यागणिक जास्त वेगाने बुडत होती.

मला आधी वाटलं, यंत्र बिघडलंय. मग मी या मोसमात उतरवलेल्या बाकीच्या नोंदी काढल्या. चिमा, भागू, थाळीवर रेंगाळणाऱ्या सगळ्या जणी खाली जात होत्या. जबडे मात्र सतत वाजत होते. जबडा वाजला म्हणजे घास मिळाला असं थोडंच असतं? वर येणाऱ्या फक्त चार निघाल्या. त्या चौघी थाळीवर थांबल्याच नव्हत्या. हद्दीबाहेर समुद्राच्या तळाशी एक अरुंद घळ आहे. तिथे त्या शिरल्या, थोडे जबडे वाजवले आणि चालत्या झाल्या. नकाशावर त्यांची खूणही उमटली नव्हती, कारण त्या रेंगाळल्याच नव्हत्या.

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या लग्नातले अण्णाकाका आले. निनादचे हे काका पंगतीत शेवटपर्यंत बसून होते आणि आम्ही सगळे म्हणत होतो, काय आवडीने जेवतायत बघा. त्यांच्या पानात भात वाढायचाच राहिला होता. बिचारे संकोचाने बोलले नाहीत. पोटभर जेवलेली माणसं केव्हाच हात धुऊन विड्याच्या तबकाशी पोचली होती. आम्ही समुद्रात नेमकं तेच केलं होतं. बसलेल्यांची डोकी मोजून पक्वान्न कुठे आहे ते ठरवलं होतं.

आणि हे मूर्खपणाने झालं नव्हतं, हेच जास्त वाईट. ‘हद्द’ सुरू झाली तेव्हा थाळी खरोखर भरलेली होती. मग कोमट पाण्याचा एक प्रवाह बर्फाखालून तिच्यावर चढला, मासे खोल घळीत उतरले आणि सील मात्र सवयीने जुन्या जागी येऊन शोधत राहिल्या. जितकं अन्न कमी तितका शोध जास्त, आणि जितका शोध जास्त तितका नकाशावरचा रंग गडद.

काही तासांत परिषद रिकामी थाळी तीस वर्षांसाठी राखणार होती आणि भरलेली घळ जहाजांना मोकळी करणार होती.

“काय मॅडम, ठकू काय म्हणता?”

मी संगणकाचा पडदा झटकन मिटला. दारात केळुसकर उभा होता, हातात चहाचे दोन पेले. मासेमारी-संघाने नेमलेला निरीक्षक. करारानुसार प्रत्येक संशोधन-जहाजावर असा एक माणूस असतो आणि प्रयोगशाळेत उघडा असलेला कुठलाही पडदा पाहण्याचा त्याला हक्क असतो. हा वेंगुर्ल्याचा, आणि माझं आजोळ कुडाळचं आहे कळल्यापासून माझ्याशी मालवणीतच बोलायचा. माणूस गोड. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटायची.

“डोकं दुखतंय,” मी म्हणाले.

“दुखतला नाय तर काय? सकाळपासून एका जाग्यार बसलास.” त्याने पेला ठेवला आणि मिटलेल्या पडद्याकडे पाहिलं. “माका दिसता, तुमका कायतरी गावला हा.”

“गावलं तर तुम्हाला दिसेलच की. जहाज बंदराला लागलं की सगळं जमा करायचंच आहे.”

“ता खरा,” तो म्हणाला आणि चहा पीत तिथेच बसला. मीही बसले. चहा गरम होता की थंड, मला आजही आठवत नाही.

पेच असा होता. पूर्वी काही देशांनी आकडे दडवल्याचं उघड झालं होतं, म्हणून परिषद चालू असताना जहाजाची संपर्काची ओळ सगळ्यांना उघडी ठेवायचा नियम होता. मी निनादला जे पाठवीन, जे बोलेन, ते त्याच क्षणी सगळ्यांना दिसणार, ऐकू येणार. खाजगी फोनही त्याच ओळीवरून. मी झोपेचे आलेख पाठवले असते, नुसती त्या चौघींची नावं जरी घेतली असती, तरी त्यांचा मार्ग उपग्रहाच्या उघड्या नोंदींतून कुणीही काढला असता. घळीवर तेव्हा कुठलीच बंदी नव्हती. हद्दीच्या कडेला चाळीसएक जहाजं जाळी सावरून उभी होती, आमच्या रडारवर त्यांचे ठिपके दिसत होते. नवी रेषा मंजूर होऊन लागू होईपर्यंत त्यांनी घळ खरवडून काढली असती. आणि गप्प बसले असते, तर त्यांना ती आज ना उद्या सापडलीच असती, तीस वर्षांच्या परवान्यासकट.

वाट एकच होती. करारात एक कलम आहे: वैध नकाशा नसेल तर कुणीही जाळं टाकायचं नाही. आणि नकाशा मागे घेण्याचा अधिकार ज्याने तो केला त्याला, कारण न देता. कुणा बड्या देशाने दमदाटी करून शास्त्रज्ञाच्या गळ्यात चुकीचा नकाशा मारू नये, म्हणून घातलेलं कलम. ते आजवर कुणी वापरलं नव्हतं. वापरणाऱ्याचं पुढे काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणजे मला निनादकडे त्याची आठ वर्षं मागायची होती, आणि तीही पुरावा न दाखवता. हा माणूस आमटीत गूळसुद्धा काट्यावर मोजून घालतो.

केळुसकर जेवायला गेल्याबरोबर मी ओळ जोडली.

“अन्वेषक, बोला,” निनादचा आवाज आला. सभागृहातला, इस्त्री केलेला आवाज.

“निनाद, नकाशा मागे घे.”

पलीकडे कागदांची सळसळ थांबली. दुभाष्यांनी माझं वाक्य वेगवेगळ्या भाषांत सांगितल्याची पुटपुट ऐकू आली.

“कारण?”

“तू चुकतोयस. आपण सगळेच चुकलोय.”

“आकडा दाखव.”

“नाही दाखवत.”

“दाखवत नाहीस, की नाहीये?”

“आहे. दाखवत नाही.”

कुणीतरी इंग्रजीत अध्यक्षांना उद्देशून काहीतरी तावातावाने बोललं. संघाचा वकील असावा. निनादने त्याला थांबवलं असणार, कारण पुन्हा त्याचाच आवाज आला, आता जरा घरचा.

“किती सील?”

खोटं बोलता आलं असतं. वीस म्हटलं असतं तर त्याचं काम सोपं झालं असतं.

“चार.”

सभागृहात हसू पिकलं. निनाद हसला नाही. चार या आकड्याबद्दल त्याचं मत मला माहीत होतं. चार नोंदींवर निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला त्याने एकदा प्रबंधासकट परत पाठवलं होतं.

“केतकी, चारांवर तू स्वतः नकाशा काढला असतास?”

“नसता काढला. काढू नये म्हणूनच सांगतेय. आपल्या लग्नात अण्णाकाका पंगतीत शेवटपर्यंत का बसले होते, आठवतंय?”

भाषांतराची पुटपुट थांबली. दुभाषे गोंधळले असावेत. अण्णाकाका कोण, हे कुठल्या शब्दकोशात सापडणार?

“तू म्हणतेस ते शक्य आहे,” निनाद सावकाश म्हणाला. “शक्य असणं आणि असणं यांत फरक आहे. पुरावा दे.”

“देता येत नाही. का ते तुला कळायला हवं.”

“आणि तू चुकत असलीस तर? हा सौदा पुन्हा होणार नाही. पुढच्या वेळी ते थाळीही देणार नाहीत.”

“मग माझं चुकलं असेल.”

“तुझं नाही, केतकी. सही माझी असेल.”

अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली. त्यानंतर मतदान. ओळ तुटली.

मी मागे वळले तर केळुसकर दारातच होता. जेवायला तो गेलाच नव्हता, किंवा अर्ध्यावर उठून आला होता. त्याने दार लोटून घेतलं. आता तो गोड दिसत नव्हता.

“मॅडम, तो पडदो उघडा.”

“मिटलेला पडदा दाखवायला मी बांधील नाही.”

“नाय कशे? समुद्र तुमच्या बापाशीचो?” तो ओरडला आणि मग स्वतःच दचकून आवाज खाली आणला. “आमच्या गावात रापणीच्या जाळ्याक आता मासो गावणा नाय. माझ्या भावान बोट इकून कोलंबीची तळी केली. ह्या खाद्य बंद झाला तर तेणी काय करूचा? चार सीलींपायी तेच्या पोरांक काय सांगू?”

त्याचं काही खोटं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण आली ती लाज, आणि लाजेपायी मी अधिकच ताठरले.

“ती जागा खरवडली ना, तर दोन मोसमांत तिथे काही उरणार नाही. मग तुमचा भाऊ तळ्यात काय घालेल?”

“दोन मोसम तरी जगतलो तो,” केळुसकर म्हणाला.

तो पडद्याजवळ आला. मला वाटलं, आता हात घालतो. त्याने हात लांबवला आणि मघाचे चहाचे पेले उचलले. पण गेला नाही. पेले धरून तसाच उभा राहिला, कारण ध्वनिक्षेपकावर परिषद पुन्हा सुरू झाली होती.

रडारवरचे दोन ठिपके हद्दीच्या कडेने सरकत होते. त्यांना काही माहीत नव्हतं, नुसती वाट पाहताना जहाजं अशी वाहत जातात. पण ते घळीच्या दिशेने वाहत होते.

अध्यक्षांनी ठराव वाचला. देशांची नावं पुकारायला सुरुवात करणार एवढ्यात निनादचा आवाज आला.

“मतदानाआधी मला बोलायचंय. हा नकाशा मी केला. तो मी मागे घेतो आहे.”

सभागृहात एकच कल्लोळ झाला. अध्यक्षांनी हातोडा आपटून तो शांत केला. कारण द्यायचं आहे का, त्यांनी विचारलं. निनाद नाही म्हणाला. संघाचा वकील उठला. कारण देणं बंधनकारक नाही, हे मान्य, पण निदान पुरावा तरी डॉक्टरसाहेबांनी पाहिला आहे का?

“नाही,” निनाद म्हणाला.

“मग कशाच्या आधारावर?”

निनादला खोटं बोलता येत नाही. चतुर उत्तरही येत नाही.

“केतकी म्हणतेय म्हणून,” तो म्हणाला.

दुभाष्यांनी ते भाषांतरित केलं आणि मग जे हसू फुटलं ते मी आजही विसरलेले नाही. बायकोच्या सांगण्यावरून समुद्र बंद केला, असं नंतर किती देशांच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. त्या क्षणी मला त्या सगळ्यांचे गळे धरावेसे वाटले. आणि नवऱ्याचा अतोनात अभिमान वाटला.

एकेका जहाजाच्या ठिपक्याचा रंग बदलत गेला. जाळ्यांना कुलपं लागत होती. घळीकडे वाहत गेलेले ते दोन सर्वांत शेवटी बदलले. केळुसकरने ते शेवटपर्यंत पाहिलं.

“खरा असला तर देव तुमचा बरा करो,” तो म्हणाला. “खोटा असला तर माझ्या दारात येव नकात.” आणि पेले घेऊन गेला. उरलेल्या प्रवासात तो माझ्याशी प्रमाण मराठीत बोलला.

संध्याकाळच्या उन्हात बर्फ पिवळं पडलेलं असताना निनादचा फोन आला. त्याच उघड्या ओळीवर, परिषद औपचारिकरीत्या अजून संपली नव्हती.

“मला नकाशा-कक्षातून काढलंय,” तो म्हणाला. “संस्थाही चौकशी लावणार म्हणे.”

“निनाद...”

“रडू नकोस. एवढंच सांग. चार पुरेसे आहेत?”

“नाहीत.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” तो म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता आणि त्यात पहिल्यांदाच भीती होती. “नंतर खोलीवर येऊन हिशेब करून पाहिला. चारांवर काहीच सिद्ध होत नाही. योगायोगही असू शकतो. मी काय करून बसलो, केतकी?”

मी काही बोलणार तेवढ्यात यंत्र वाजलं. जहाजाजवळ एक सील वर आली होती. अंबू. मी तिचा उपग्रहावरचा मार्ग उघडला. थाळीवर न थांबता ती सरळ घळीतून आली होती. पाचवी.

“काय वाजलं?” निनादने विचारलं.

“नोंद उतरतेय.”

“कुणाची?”

मी नाव घेतलं नाही. त्याला कळलं. तो हजारो किलोमीटरवर, त्या परक्या शहरातल्या खोलीत, फोन कानाला लावून उभा होता आणि मी पडद्यावर सरकणारी पट्टी पाहत होते. अंबू बुडत असेल, तर मी नवऱ्याचं आयुष्य आणि केळुसकरच्या भावाची तळी एका चुकीपायी धुळीला मिळवली होती. पट्टी भरली. मी तिच्या झोपेचा आलेख उघडला.

अंबू वर येत होती. झोपेत, अंग सोडून, पोटातल्या पिल्लासकट, संथपणे वर येत होती.

मी तोंडावर हात दाबला, तरी हुंदका फुटलाच. उघड्या ओळीवर तो सगळ्यांना ऐकू गेला असेल. ‘वर’ हा एक शब्द बोलले असते तर या वेळी आलेल्या सीलचा माग कुणीही काढला असता, आणि जाळ्यांची कुलपं काढून घ्यायला संघाचे वकील कोर्टाच्या दारात उभेच होते. मला ओरडून सांगायचं होतं. मी दात आवळून रडत राहिले.

हे रडणं कसलं आहे, हे निनादला कळायला काही मार्ग नव्हता. आम्ही बंदराला लागेपर्यंत कळणार नव्हतं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. आता तो आकडा मागणार, असं मला वाटलं.

“बरं,” तो म्हणाला. “आलीस की सांग.”

आणि त्याने फोन ठेवला नाही.